ढापे काढायचे कुणी

पिंपळठाणची सरपंचकी बाईसाठी राखीव निघाली, तेव्हा सावळारामनं धाकट्या भावजयीचं, मंगलचं नाव पुढं केलं आणि गावानं मान डोलावली. सही मंगलची, कारभार सावळारामचा, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पहिलं वर्षभर झालंही तसंच. दुसऱ्या वर्षी मात्र मंगल एकटी तालुक्याला जायला लागली. साहेबापुढची खुर्ची स्वतः ओढून बसायला लागली. अंगणवाडीवर नवे पत्रे आले, वरच्या आळीला नळ आला. नवरा दादाभाऊ चाकणला कंपनीत. आठवड्यातून एकदा घरी यायचा. तो एवढंच म्हणायचा, "करतीस तर कर. पण सावळारामदादाला दुखवू नको."

गाव नदीकाठी. अलीकडचा काठ जुन्नर तालुक्यात, पलीकडचं मोरओहोळ आंबेगावात, आणि मधे बंधारा. दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांमधे बसवलेले लोखंडी पत्रे. त्यांना ढापे म्हणतात. पावसाळा सरला की ढापे टाकायचे आणि पाणी अडवायचं. पाऊस तोंडावर आला की काढायचे आणि नदी मोकळी करायची. ढापे राहिले आणि पूर आला, तर पाण्याला पुढं वाट मिळत नाही, मग ते बाजूचा मातीचा भराव फोडून वाट काढतं. हे पिंपळठाणच्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं.

त्या साली मे महिन्यात धरणातून पाण्याचं शेवटचं आवर्तन सुटलं आणि बंधारा काठोकाठ भरला. उसाच्या, टोमॅटोच्या मालकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पाठोपाठ आभाळ भरून यायला लागलं. दुपारनंतर घाटाकडं काळं व्हायचं, वारा सुटायचा. मोबाईलवर, टीव्हीवर एकच बातमी, यंदा पाऊस लवकर.

सुंदरा मंगलच्या दारात आली ती त्याच दिवसांत. बहिरूची बायको. बहिरूचा बाप मेंढरं घेऊन मुलूखभर फिरायचा. बहिरूनं मात्र बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, भरावाला लागून अर्धा एकर तुकडा घेतला होता आणि तिथंच खोप आणि मेंढरांचा वाडा घालून तो राहिला होता. सुंदरा ओट्यावर टेकली. चहा नको म्हणाली.

"ताई, भरावाच्या बुडाला वल आलीय. वाड्यातली माती पायाखाली दबती. मालक म्हनत्यात, मेंढरं हालवू. पर हालवायची कुठं? गायरानात सौरऊर्जेचं कुंपान पडलंय. वरच्या रानात जावं तर सावळारामभाऊ म्हनत्यात, घासाच्या वाफ्यात मेंढरू दिसलं तर बगा."

मंगल तिच्याबरोबर जाऊन बघून आली. भरावाच्या पायथ्याची माती खरंच ओली होती, बोटानं दाबली की पाणी वर यायचं. वर पाणी नुसतं तुडुंब. बहिरू काठी टेकून उभा होता. तो बोलणारा माणूस नव्हता. एवढंच म्हणाला, "तुमी सांगाल तसं."

"हलवू नका एवढ्यात," मंगल म्हणाली. "दोन-चार दिवसात ढापे काढून घेते मी. उद्याच जाते साहेबाकडं."

बोलताना तिला बरं वाटलं होतं. आपण सरपंच आहोत, आपल्या शब्दावर काहीतरी हलतं, असं वाटण्याचे ते दिवस होते.

दुसऱ्या दिवशी ती पाटबंधाऱ्याच्या शाखा कार्यालयात गेली. शाखा अभियंता सुदर्शन हा तरुण माणूस, अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला, बोलायला गोड. त्यानं पंखा तिच्याकडं वळवला, चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं. मान हलवत म्हणाला, "बरोबर आहे ताई. काढायलाच पाहिजेत."

"मग काढा की."

"ठराव द्या ग्रामपंचायतीचा. तुमचा आणि मोरओहोळचाही. दोन्ही काठांचा."

"ठरावाचं काय काम? ढापे तुमच्या खात्याचे. टाकताना ठराव मागितला नव्हता तुम्ही."

सुदर्शननं उठून दार लोटून घेतलं. "तुमच्यापासून लपवत नाही ताई. दोन वर्षांपूर्वी खालच्या एका बंधाऱ्याचे ढापे मी वेळेवर काढले. नियमाप्रमाणे. पाणी गेलं आणि पाऊस महिनाभर आलाच नाही. लोकांनी मला ह्याच खोलीत कोंडलं. वरून फोन आले, कुणाला विचारून काढले म्हणून. ज्या साहेबांनी तोंडी काढा म्हणून सांगितलं होतं, ते म्हणाले, मी असं बोललोच नाही. माझी चौकशी अजून चालू आहे. बढती अडकली."

"म्हणून आता भराव फुटू द्यायचा?"

"फुटेल असं कुणी लिहून दिलंय? काढले तर उद्या नक्की शंभर माणसं दारात. नाही काढले तर कदाचित काही होणारही नाही." तो ओशाळं हसला. "केलेल्या कामाचा जाब विचारतात ताई. न केलेल्याचा कोण विचारतं? तुम्ही ठराव आणा. मी त्याच दिवशी माणसं लावतो. आईशप्पथ."

मंगलला त्याचा राग आला, पण पुरता येईना. तो खोटं बोलत नव्हता.

तिथून ती नदी ओलांडून मोरओहोळला गेली. तिथले सरपंच गेणभाऊ, सत्तरीला टेकलेले, चावडीपुढं खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी तिला सूनबाई म्हणून हाक मारली, पाणी दिलं.

"काढायलाच पायजेत," गेणभाऊ म्हणाले. "न्हाई कोन म्हनतं? तुमचा ठराव होऊ द्या. मग आमी हायेच."

"तुम्ही आधी केला तर माझ्या लोकांना सांगायला बरं पडेल."

"आन् आमी आधी केला की आमचे लोक म्हनतील, पिंपळठाणनं पानी ठिवलं आन् आपल्या म्हाताऱ्यानं सोडलं. भराव तुमच्या अंगाला हाय सूनबाई. भीती तुमची. तवा पयला ठरावबी तुमचा." आणि त्यांनी विषय काढला तो कांद्याच्या भावाचा.

मंगलनं मासिक सभा लावून घेतली. एरवी सातजण जमवताना शिपायाची दमछाक व्हायची. त्या दिवशी सदस्य तर आलेच, पण बागायतदारही दारात, खिडकीत उभे राहिले. मंगलनं सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. भराव ओला आहे, पाऊस लवकर आहे, साहेब तयार आहेत, ठराव तेवढा हवा.

सावळाराम सदस्य नव्हता, पण पहिल्या खुर्चीवर तोच होता. तो आवाज चढवणारा माणूस नव्हे. शांतपणे म्हणाला, "भराव दर साली वला असतो. म्या जलमापासून बघतोय. आज पानी सोडलं आन् पाऊस जूनच्या शेवटाला आला, तर ऊस वाळंल, टमाटे जातील, जनावरांना पानी राहनार न्हाई. मग लोक कुनाला इचारतील? साहेबाला? त्यो बदली घेऊन जाईल. तुलाच इचारतील मंगल. म्या म्हनतो आठ दिस थांबू. हवामान खात्याचं काय येतंय बघू. काढू नका म्हनतच न्हाई कुनी."

माना हलल्या. मंगलनं गोरखकडं पाहिलं. गोरख सदस्य होता आणि त्याचं रान बहिरूच्या तुकड्याला लागूनच होतं. भराव फुटला तर दुसरा घाव त्याच्यावर. सभेच्या आधी त्यानंच तिला फोन करून म्हटलं होतं, "वहिनी, कसंबी करून काढून टाका." आता तो खाली बघून चपलेच्या अंगठ्यानं फरशी खरवडत होता. त्याची पाइपलाइन सावळारामच्या बांधावरून जात होती.

"गोरखभाऊ, तुम्ही बोला."

"माझं काय..." गोरख म्हणाला. "सगळ्यांचं जे ठरंल ते."

बहिरू दाराबाहेर उभा होता. त्याला कुणी विचारलं नाही, आणि मंगलच्याही ते ध्यानात आलं नाही. नंतर आलं.

ठराव झाला तो असा, की सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली, पर्जन्यमानाचा अंदाज घेऊन पुढील सभेत निर्णय घ्यावा. माणसं गेली. ग्रामसेविका साधना कागद आवरता आवरता म्हणाली, "ताई, सरपंच म्हणून तुम्ही एकट्यानंही पत्र देऊ शकता साहेबांना. तातडीचं म्हणून. ते काय करतील माहीत नाही, पण पत्र तर देता येतं."

"मग टाईप कर."

साधनानं केलं. चार ओळींचं पत्र. मंगलनं ते वाचलं. पेन उघडलं.

"फक्त उद्या काही इकडचं तिकडं झालं तर सही तुमची एकटीची राहील," साधना सहज बोलून गेली.

मंगलच्या डोळ्यांपुढं आभाळ उभं राहिलं, पण कोरडं. जून सरत आलाय, वारा नुसता धूळ उडवतोय, नदीत गोटे उघडे पडलेत आणि गावातली प्रत्येक बाई हंडा घेऊन तिच्या दारावरून जाताना एकच वाक्य बोलतीय. सावळाराम काही बोलत नाही, नुसता ओट्यावर बसलाय. दादाभाऊ म्हणतोय, तुला सांगितलं होतं. तिनं पेनाला टोपण लावलं. "राहू दे उद्यापर्यंत," ती म्हणाली. "आज रात्री घरात बोलते."

घरात ती बोलली नाही. उद्याचा परवा झाला. भरावाकडं जायची वाट तिनं टाळली, कारण सुंदरा दिसली असती.

पाऊस आला तो रिमझिम, शिडकावा असलं काही न करता आला. सकाळपासून डोंगराकडं कोसळत होता. गावात दुपारी पोचला तेव्हा ओढे आधीच फुगले होते. माणसं पत्र्याखाली उभी राहून आधी हसत होती, मे महिन्यात असला पाऊस कुणी पाहिला नव्हता. मग कुणीतरी ओरडत आलं, की ढाप्यांवरून पाणी पडतंय.

मंगलनं सुदर्शनला फोन लावला. त्यानं लगेच उचलला. "ताई, मला सगळीकडून फोन येताहेत. ठेकेदाराची माणसं एका बंधाऱ्यावर गेलीत, तिथं रस्ता तुटलाय. तुमच्याकडची माणसं ढापे काढू शकली तर काढा."

"म्हणजे तुमची परवानगी?"

"काढा तुम्ही," तो म्हणाला. "मी नंतर बघतो."

पंधरा-वीस माणसं साखळ्या, पहारी घेऊन बंधाऱ्यावर गेली. सावळारामही गेला, आपल्या ट्रॅक्टरला दोर बांधून तो स्वतः ओढत होता. एक ढापा आला. दुसरा वाकडा होऊन आला. बाकीचे खाचांत असे रुतले होते, की पाण्याच्या दाबाखाली तसूभर हलेनात. साखळी तुटून एकाच्या हाताला लागली. मग खांबांवरून लाट आली आणि माणसं मागं पळाली.

मंगल भरावाकडं धावली. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. बहिरूनं आणि सुंदरानं वाडा आधीच उघडला होता. मेंढरं चिखलातून वर हाकत होते. मेंढरू पाण्याला भ्यालं की पुढं जात नाही, एकमेकांत डोकं घालून उभं राहतं. बहिरू एकेकाला कान धरून ओढत होता. सुंदरा वर पोचली. थोडीफार मेंढरं वर आली.

"या वर!" मंगल ओरडली. "राहू द्या ती, वर या!"

बहिरूनं तिच्याकडं पाहिलं. ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक. खोपीत कालपरवा जन्मलेली कोकरं टोपल्याखाली झाकलेली होती. तो खोपीकडं वळला.

भराव फुटताना मोठा आवाज होईल असं मंगलला नेहमी वाटायचं. तसं झालं नाही. मधली माती नुसती खाली बसली, जसा दमलेला माणूस बसतो, आणि तिच्या जागी तपकिरी पाणी उभं राहिलं. खोप, वाडा, गोरखचं रान, काठावरच्या बाभळी, सगळं एका वाटेनं गेलं. सुंदरानं हातातलं मेंढरू सोडलं नाही, तशीच धरून उभी राहिली.

बहिरू काही दिवसांनी सापडला, बराच खाली, एका पुलाच्या खांबाला.

पाऊस उघडल्यावर गाड्या आल्या. महसूल, पाटबंधारे, पंचायत, सगळ्यांच्या गाड्या. चौकशीला मोठे साहेब आले होते. ते ग्रामपंचायतीत बसले आणि एकेक कागद मागवत गेले. सुदर्शनच्या फायलीत नोंद होती, की ठरावाची मागणी केली आहे, प्रतीक्षेत. पिंपळठाणच्या इतिवृत्तात नोंद होती, की विषय विचाराधीन आहे. गेणभाऊंनी सांगितलं, आमी तर तयारच व्हतो, त्यांच्या ठरावाची वाट बघत व्हतो. ढापे काढायची नियमातली तारीख अजून उलटलीच नव्हती. कुणाचंच काही चुकलं नव्हतं. साहेबांनी समाधानानं मान हलवली. मंगलच्या सहीविना पडलेलं पत्र साधनाच्या कॉम्प्युटरमधे होतं. कॉम्प्युटरमधलं पत्र कुणी मागितलं नाही.

मेंढरांचा पंचनामा करायला आलेला माणूस म्हणाला, मेलेलं जनावर दाखवल्याशिवाय लिहिता येत नाही. वाहून गेलेलं जनावर वाहून गेलं, हे कशावरून?

शेवटी सुंदराला बोलावलं. ती डोक्यावर पदर घेऊन भिंतीला लागून उभी राहिली. साहेबांनी आवाज मऊ करून विचारलं, "बाई, तुम्ही धोक्याच्या जागी राहत होता. तुम्हाला तिथून हलायला कुणी सांगितलं होतं का? किंवा थांबा असं?"

सुंदरानं मंगलकडं पाहिलं. फार वेळ नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "कुनी काय सांगितलं न्हाई."

मी सांगितलं थांबा म्हणून, एवढं एक वाक्य होतं. मंगल उभी राहिली असती तर ते बाहेर पडलं असतं. ती बसून राहिली. साहेबांनी पुढचं नाव पुकारलं.

संध्याकाळी ती सुंदराला शोधत गेली. सुंदरा शाळेच्या वऱ्हांड्यात होती, उरलेली मेंढरं समोर बांधून.

"का नाही सांगितलंस माझं नाव?"

सुंदरा मेंढराच्या लोकरीतला चिखल बोटांनी काढत होती. "सांगून काय व्हनार व्हतं ताई? तुमची सरपंचकी गेली असती. मानूस तर येत न्हाई." मग म्हणाली, "आन् उद्या दाखला लागंल, सही लागंल. तुमच्याच दारात यायचंय की मला."

तिच्या बोलण्यात राग असता तर मंगलला सोसला असता.

दिवाळीनंतर भराव बांधून झाला. कशानं, तर जिल्हा परिषदेच्या निवडणुका लागणार अशी हवा होती, म्हणून घाईनं. मुरुमाऐवजी आजूबाजूची मातीच ओढली. ढापे टाकले, पाणी अडलं. निवडणुका पुढं गेल्या. सुदर्शनची बदली झाली. चौकशीत तो निर्दोष सुटला आणि त्याची अडकलेली बढतीही मिळाली. जाण्याआधी तो मंगलला भेटायला आला, बसला, काहीतरी बोलायचं होतं, पण चहा पिऊन गेला. गोरखनं वरच्या अंगाला सावळारामचं रान वाट्यानं केलं. सुंदरानं मेंढरं विकली आणि ती आळेफाट्याला एका भाजीच्या गाळ्यावर निवडायच्या कामाला जायला लागली.

पुन्हा मे आला, आवर्तन आलं, बंधारा भरला. या वेळी मंगलनं सभेची वाट पाहिली नाही. तिनं पत्र टाईप करवून घेतलं, साधनाच्या डोळ्यांदेखत सही केली आणि शिक्का उमटवला. ओट्यावर सावळाराम होता. त्याला तिनं सांगितलं, "भाऊजी, ढापे काढायचं पत्र देतीय मी. तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं." गेल्या सालानंतर तोही थकल्यासारखा झाला होता. "दे," तो म्हणाला. "पर जरा थांबली असतीस तर..." आणि वाक्य त्यानं तिथंच सोडलं.

नवा अभियंता सुदर्शनपेक्षाही तरुण होता. त्यानं पत्र दोनदा वाचलं. गेल्या सालचं त्याला माहीत होतं. म्हणूनच तो जास्त जपून होता.

"पत्र चांगलंय मॅडम. पण त्या घटनेनंतर वरून स्पष्ट सूचना आहेत, दोन्ही ग्रामपंचायतींच्या लेखी संमतीशिवाय ढाप्यांना हात लावायचा नाही. मोरओहोळचं पत्र जोडा. लगेच करू."

मंगल मोरओहोळला गेली. गेणभाऊ त्याच चावडीपुढं बसले होते, पण त्यांच्या मागच्या दाराला कुलूप होतं.

"आता म्या कुठं सरपंच सूनबाई? आमची मुदत सपली. निवडणूक हुईस्तोवर प्रशासक नेमलाय. त्याच्याकडं लई गावं हायेत. आला तर गुरुवारी येतो."

प्रशासकाला तिनं फोन लावला. सज्जन माणूस होता. म्हणाला, धोरणात्मक निर्णय मी कसा घेऊ, मी तात्पुरता आहे; तुमच्याकडून अर्ज आला तर मार्गदर्शनासाठी वर पाठवतो.

तिनं अर्ज पाठवला. तो वर गेला. नव्या अभियंत्याच्या कार्यालयात तिच्या पत्राची पोच मिळाली, आवक क्रमांकासहित. ती पोच घेऊन ती बंधाऱ्यावरून चालत घरी आली. दोन्ही काठांवर पाण्याच्या मोटारी चालू होत्या. घाटाकडं काळं व्हायला लागलं होतं आणि भरावाच्या नव्या मातीवर कुणीतरी भेंडी लावली होती.